प्रवासातील मुक्या भेटी

व्यापार आणि प्रवास यांची सोबत फार जुनी आहे. माल पाहण्यासाठी, येणे वसूल करण्यासाठी, नवे गिऱ्हाईक जोडण्यासाठी व्यापाऱ्याला वर्षाकाठी कितीतरी वेळा पेढी सोडून वाटेला लागावे लागते. आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन यात्रेला किंवा हवापालटाला जाणे हेही त्याला चुकत नाही. अशा प्रवासांचा हिशेब काही वर्षांनी मांडला, तर जमेच्या बाजूला काय उरते? गाड्यांच्या वेळा, धर्मशाळेतील सोयी, त्या दिवशीचा बाजारभाव, हे सारे विस्मरणात जाते. उरतात त्या थोड्या भेटी. आणि त्यांतही पुष्कळ वेळा माणसांच्या नव्हे, तर मुक्या प्राण्यांच्या. भल्या पहाटे रस्ता ओलांडून गेलेला हरिणांचा कळप, तळ्याच्या काठी शिळेसारखी निश्चल पडलेली मगर, भाताच्या खाचरात उभी असलेली सारसांची जोडी, यांचे दर्शन ज्या मुलाला एकदा घडले, ते मूल म्हातारपणी आपल्या नातवाला ती हकीकत सांगते.

अशी भेट पैसे मोजून हमखास मिळत नाही. तिकीट मिळते, मोटार मिळते, वाटाड्याही मिळतो. परंतु प्राणी भेटेलच, असे लिहून देणारा कोणी नाही. तथापि ती निव्वळ दैवावर सोडण्यासारखीही गोष्ट नव्हे. योग्य स्थळ, योग्य ऋतू, योग्य प्रहर आणि धीर या चार गोष्टी जुळवून आणणे आपल्या हाती असते. पाचवी एक गोष्ट आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची: प्राण्यापासून किती अंतरावर थांबावे, हे ओळखणे. या पाचही गोष्टी शिकविणारी स्थळे बडोद्याच्या वेशीआतूनच सुरू होतात आणि सौराष्ट्राच्या टोकापर्यंत पोचतात. त्यांपैकी काहींची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुने तमाशे

प्राणी पाहण्याची हौस बडोद्याला नवी नाही. १८६४ साली लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी खंडेराव महाराजांचा पाहुणा म्हणून येथे आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात बडोद्याच्या हत्तींच्या झुंजी आणि चित्त्यांकरवी होणारी काळविटांची शिकार यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. साठमारीच्या मैदानात मदोन्मत्त हत्ती समोरासमोर सोडले जात, पायी चालणारे साठमार त्यांना डिवचून पळत, आणि भिंतीआड बसलेला दरबार तो थरार पाहत असे. पाळीव चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून माळावर नेत. काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढीत. पुढचा खेळ काही क्षणांचा असे.

त्या प्रेक्षकांना पुष्कळ पाहावयास मिळाले, यात शंका नाही. परंतु त्यांनी पाहिला तो हत्तीचा संताप आणि चित्त्याची झेप. हत्तीचे जीवन किंवा चित्त्याचे जीवन त्यांनी पाहिले नाही. शिवाय त्या पाहण्याची किंमत फार मोठी पडली. देशभर चित्ते पिढ्यान्‌पिढ्या पकडले गेले, मारले गेले, आणि त्यांचे माळही नांगराखाली आले. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात तीन चित्ते एकाच रात्री मारले गेले आणि १९५२ साली हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात चित्ते सोडण्यात आले, ते आफ्रिकेतून विमानाने आणावे लागले. जी वस्तू घरच्या कोठारातून निष्काळजीपणे उधळली, ती परदेशातून मोठ्या खर्चाने आणावी लागते. व्यापाऱ्याला याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

सयाजीराव महाराजांच्या काळात पाहण्याची रीत पालटली. १८७९ साली कमाटीबाग लोकांसाठी खुली झाली. तेथील प्राणिसंग्रहालयात राजाबरोबर रयतेलाही सिंह-वाघ पाहता येऊ लागले. बागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे. १९४४ साली हा जीव महीच्या मुखाशी येऊन पडला. समुद्रात हजारो कोस हिंडणारा हा प्रवासी आपल्या वाटेवरून चुकला आणि बडोद्याच्या मुलांना कायमचा भेटला. त्याच्या फासळ्यांखाली मान वर करून उभे राहिलेले मूल बडोद्यातील प्रत्येक पिढीत सापडेल. पिंजरा आणि सांगाडा यांनी आपल्याला पुष्कळ शिकविले, हे मान्य केले पाहिजे. पण पिंजऱ्यातील प्राण्याची भेट ही कैद्याची भेट होय. यजमानाला त्याच्या घरी जाऊन भेटणे ही गोष्ट निराळी.

विश्वामित्रीचे रहिवासी

असा यजमान कमाटीबागेच्या कुंपणापलीकडेच राहतो. पावागडच्या डोंगरात उगम पावून विश्वामित्री बडोद्याच्या मध्यातून वाहते, आणि तिच्या पात्रात मगरींची वसाहत आहे. दाट वस्तीच्या शहरात एवढ्या संख्येने मगरी मोकळ्या नांदतात, असे उदाहरण जगात विरळा. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत शहर परिसरातील नदीच्या पात्रात ४४२ मगरी आढळल्याचे जाहीर झाले. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून रोज सहस्रावधी लोक जातात. त्यांतील किती जण हिवाळ्याच्या दुपारी क्षणभर थांबून खाली पाहतात?

हिवाळ्याची दुपार मुद्दाम सांगितली. मगर हा थंड रक्ताचा प्राणी आहे. रात्रीच्या गारठ्यानंतर अंगात ऊब आणण्यासाठी तिला उन्हात पडावे लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहानंतर ती काठावरच्या मातीत पसरलेली दिसते. पुष्कळदा तिचा जबडा उघडा असतो. पाहणाऱ्याला तो क्रोध वाटतो. प्रत्यक्षात शरीराची उष्णता आटोक्यात ठेवण्याचा तो एक मार्ग आहे. हिवाळा सरताना मादी काठाच्या मातीत खळगा करून अंडी घालते. दोनेक महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, आतून पिल्लांचा आवाज आला की ती माती उकरते आणि पिल्लांना आपल्या जबड्यात अलगद उचलून पाण्यात नेऊन सोडते. ज्या दातांचे भय आपण लहानपणापासून बाळगले, त्याच दातांच्या आड नुकतीच जन्मलेली पिल्ले निर्धास्त असतात, ही गोष्ट ज्याने एकदा जाणून घेतली त्याला ती नदी पूर्वीसारखी दिसत नाही.

या शेजाराला धोका नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नदीकाठी माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हा मगरीही पाण्याबरोबर वस्तीत आल्या. वनखात्याचे लोक आणि प्राणिमित्र संस्थांचे स्वयंसेवक यांनी तीन दिवसांत २४ मगरी पकडल्या. शिवाय साप, कासवे असे इतर कितीतरी जीव वाचविले. ज्या शहराच्या घराघरांत पाणी शिरले होते, त्या शहराने हाती काठी घेण्याऐवजी बोलावणे धाडले ते मगर उचलून सुखरूप नेणाऱ्यांना. हा बडोद्याचा खरा लौकिक आहे. त्या पुरानंतर २०२५ साली नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम हाती घेण्यात आले. पुराचा बंदोबस्त व्हावयास हवा, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु काठच्या मातीतच मगरीची बिळे व घरटी असतात, हेही नियोजन करणाऱ्यांच्या व आपल्या नित्य ध्यानात राहिले पाहिजे. माणसाची वस्ती आणि मगरीची वस्ती एकाच काठावर आहेत. एकीचा विचार करताना दुसरीचा विसर पडला, तर नुकसान दोघींचे होईल.

चरोतरची तळी

मगरीशी शेजारधर्म कसा पाळावा, हे पाहावयाचे असेल तर चरोतरात जावे. बडोद्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर, सोजित्राच्या बाजूस, मलातज व देवा ही गावे आहेत. तेथील तळ्यांत मगरी राहतात आणि त्याच तळ्यांच्या काठी गावकऱ्यांचे दैनंदिन व्यवहार चालतात. गुरे पाण्यावर येतात, बायका धुणे धुतात, आणि थोड्या अंतरावर मगर ऊन खात पडलेली असते. मलातजला तळ्याकाठी खोडियार मातेचे मंदिर आहे. मगर हे या देवीचे वाहन. त्यामुळे तिला इजा करण्याचा विचार गावकऱ्यांच्या मनाला शिवत नाही.

परंतु केवळ श्रद्धेवर हा शेजार टिकलेला नाही. कोणत्या घाटावर केव्हा जावे, मादी अंड्यांवर असताना कोणत्या काठाकडे फिरकू नये, मुलांनी कोठवर जावे, याची समज तेथे घरोघरी मुरलेली आहे. बाहेरून जाणाऱ्याने प्रथम गावातील जाणत्याला विचारावे आणि तो सांगेल तेथेच उभे राहावे. तेथील म्हाताऱ्या माणसाच्या दोन वाक्यांत जे ज्ञान असते, ते मिळविण्यास बाहेरच्या माणसाला वर्षे लागतील.

हिमालयापलीकडचे पाहुणे

ज्यांना मगरीपेक्षा सौम्य भेट हवी असेल, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात डभोई तालुक्यातील वढवाणा तलावावर जावे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी हा तलाव बांधण्यात आला. शेतकऱ्यासाठी साठविलेल्या त्या पाण्यावर पक्ष्यांनी आपला हक्क केव्हा सांगितला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पण २०२१ साली रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत या तलावाचे नाव दाखल झाले.

येथे उतरणाऱ्या पाहुण्यांत पट्टकादंब हंस विशेष पाहण्यासारखे आहेत. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, अशी त्यांची खूण. मंगोलिया व तिबेट या प्रदेशांत पिल्ले वाढवून थंडीच्या प्रारंभी ते हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. तेथे हवा इतकी विरळ असते की सामान्य माणसाला चार पावले टाकतानाही धाप लागावी. असा पक्षी डभोईजवळच्या तलावाकाठी शांतपणे गवत खुडताना दिसतो, तेव्हा आपल्या प्रवासाचा शीण सांगण्याची लाज वाटते. त्याच्या शेजारी नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीने हिंडत असतात. आपल्या काव्यांनी ज्यांचा विरह शतकानुशतके आळविला, ते हेच. सूर्योदयाला काठावर पोचावे. उजेड फुटता फुटता पाण्यावरून एक कलकल उठते, आणि हंसांचा थवा शेतांकडे निघतो; तो क्षण चुकला की दिवसभर दुर्बीण फिरवूनही तसे दर्शन घडत नाही.

महीपलीकडे खेडा व आणंद जिल्ह्यांतील भातखाचरांत सारस पक्षी आढळतो. उभा राहिला की पुरुषभर उंचीचा, राखी अंगाचा, तांबड्या मानेचा हा पक्षी जोडीदाराला सहसा सोडीत नाही. भर पावसाळ्यात, उभ्या भाताच्या मधोमध, तो घरटे बांधतो. त्याने मोडलेल्या रोपांचे नुकसान शेतकरी सोसतो. त्या शेतकऱ्याचे नाव कोणत्याही देणगीदारांच्या फलकावर लागत नाही. पण आपल्याला सारस दिसतो, तो त्याच्या औदार्यामुळे.

पालिताण्याच्या वाटेवर

आपल्यापैकी असंख्य कुटुंबे शत्रुंजयाच्या यात्रेला जातात. चातुर्मासात गिरिराजाची यात्रा बंद असते आणि कार्तिक पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. योगायोग असा, की यात्रेकरू ज्या सुमारास पालिताण्याची वाट धरतात, त्याच सुमारास मध्य आशियातील पक्षीही भालच्या मैदानात येऊन पोचलेले असतात. वटामण, पिपळी, धोलेरा या मार्गाने भावनगरकडे जाताना, थोडी वाट वाकडी केली की वेळावदर लागते.

हा भावनगर संस्थानाचा राखीव कुरणाचा मुलूख. शिकारीमुळे व कुरणे मोडल्यामुळे काळविटे झपाट्याने घटली. तेव्हा या गवताळ माळाला संरक्षण मिळाले आणि १९७६ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र अवघे चौतीस चौरस किलोमीटर. पण हिवाळ्याच्या सकाळी पिवळ्या गवतावर काळविटांचा कळप उधळतो, तेव्हा ते अमर्याद वाटते. एक हरिणी उसळी घेते, तिच्यामागून दुसरी, तिसरी. जणू जमिनीखालून कोणी तरी त्यांना वर फेकत आहे. मागे पिळदार शिंगांचा काळाभोर नर मान ताठ करून येतो. ज्या वेगाने हा प्राणी धावतो, तेवढ्या वेगाची आज त्याला गरज नाही. त्याच्या मागे लागणारे लांडगे त्याहून मंद आहेत. तो वेग चित्त्यासाठी कमावलेला होता. चित्ता गेला, त्याच्या भयाने पायांत भिनलेली चपळाई मात्र मागे राहिली आहे.

सायंकाळी घाईने निघून जाऊ नये. सूर्य मावळताना भोवत्या जातीचे शिकारी पक्षी चहूकडून येऊ लागतात आणि शेकडोंच्या संख्येने गवतात रात्रीच्या मुक्कामासाठी उतरतात. झाडावर नव्हे, जमिनीवर. दिवसभर ते आसपासच्या शेतांवर घिरट्या घालून नाकतोडे व टोळ टिपतात. म्हणजे मुक्कामाचे भाडे ते शेतकऱ्याला दिवसा चुकते करतात.

रणातील गोरखर

शंखेश्वरची यात्रा करणाऱ्यांना कच्छचे छोटे रण फार लांब नाही. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे आणि हिवाळ्यात भेगाळलेल्या मातीचे अथांग पटांगण होणारे हे रण गोरखराचे भारतातील अखेरचे घर आहे. गोरखर म्हणजे रानगाढव. नावावरून कोणी त्याची थट्टा करू नये. बदामी-पांढऱ्या रंगाचा, पाठीवर गडद रेघ असलेला हा प्राणी ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो, आणि आजपर्यंत त्याने माणसाचे ओझे पाठीवर घेतलेले नाही.

त्याची हकीकत आशेची आहे. १९६९ च्या गणनेत अवघी ३६२ गोरखरे उरली होती; गुरांकडून आलेल्या रोगांनी त्यांचा संहार केला होता. १९७३ साली रणाचे अभयारण्य झाले, आणि २०२४ च्या गणनेत त्यांची संख्या ७,६७२ वर गेली. पन्नास वर्षांत मुद्दल वीसपटीहून अधिक वाढल्याचे उदाहरण आपल्या वह्यांतही क्वचित सापडेल. पण या वाढीचाही भार कोणी तरी उचलतो. गोरखरे रात्री रणकाठच्या शेतांत शिरतात आणि उभ्या पिकाची नासाडी करतात. सकाळी शेतकरी ती पाहतो. रणात मीठ पिकविणारे अगरिये आठ-आठ महिने त्याच उन्हात व त्याच वाऱ्यात राहतात. रण पाहावयाचे तर अगरियाची वाट विचारूनच जावे. मृगजळ आणि चिखल या दोन्हींची पारख त्यालाच असते.

गीरचा सिंह

आणि गिरनारची यात्रा करणाऱ्याला सिंहाची ओढ लागतेच. आफ्रिकेबाहेर रानात मोकळा सिंह आज केवळ सौराष्ट्रात आहे. बडोद्याचा त्याच्याशी जुना संबंध: अमरेली प्रांतातील धारीचा परिसर गायकवाडी अमलाखाली होता, आणि गीरच्या अरण्याचा काही भाग त्यात मोडत असे. जुनागढच्या नवाबांनी दिलेल्या संरक्षणामुळे हा वंश वाचला. १९६५ साली गीरचे अभयारण्य झाले. २०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ भरली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभयारण्याच्या बाहेर, शेतांच्या, नद्यांच्या व गावांच्या आसऱ्याने राहत असल्याचे दिसून आले. २०१८ साली धारीच्या बाजूच्या दलखाणिया विभागात रोगाने वीसहून अधिक सिंह दगावले, हेही विसरता कामा नये. सारा साठा एकाच वखारीत ठेवणे किती धोक्याचे असते, हे व्यापाऱ्यास ठाऊक असतेच.

सासणला पूर्वी एक प्रघात होता. प्रतिष्ठित पाहुण्यांना सिंह खात्रीने दिसावा म्हणून रेडकू किंवा बोकड बांधून ठेवीत. सिंह येई, आणि पाहुणे ते दृश्य पाहून परत जात. एक जीव दाखविण्यासाठी दुसरा जीव खुंटीला बांधण्याचा तो प्रकार पुढे बंद झाला, हे फार चांगले झाले. आज परवाना घेऊन, नेमलेल्या वाटेने, नेमलेल्या वेळी जावे लागते. पावसाळ्याचे चार महिने उद्यान बंद असते. आणि कित्येकांना सिंह दिसतही नाही. परंतु सागाच्या वाळलेल्या पानांवर उमटलेला पावलांचा आवाज, एकाएकी ओरडून उठलेला मोर, श्वास रोखून थांबलेला वाटाड्या, ही सिंहाच्या भेटीचीच अंगे आहेत. न दिसलेला सिंहही कधी कधी दिसलेल्या सिंहाइतकाच स्मरणात राहतो.

कोकणातील एक धडा

बडोद्यातील मराठी कुटुंबांचे कोकणात जाणे-येणे असते. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. नाना फडणविसांचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्यास प्रारंभ केला. आता हिवाळा सरता सरता पिल्ले बाहेर पडू लागली की लोक दुरून येतात, गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, आणि पहाटे व सायंकाळी दोरीच्या अलीकडे उभे राहून तळहातावर मावेल एवढ्या पिल्लांची समुद्राकडे चाललेली वाटचाल पाहतात. अंडे विकून एकदाच पैसा मिळत असे. अंडे राखून दरवर्षी घरात पाहुणा येतो. याहून स्वच्छ व्यापार कोणता?

दयेची दुसरी रीत

आता एक नाजूक गोष्ट बोलावयाची आहे. जीवदया हा आपल्या समाजाचा ठेवा आहे. पांजरापोळी, चबुतरे, पक्ष्यांची रुग्णालये यांतून आपल्या वाडवडिलांनी मुक्या जीवांची जी सेवा केली, तिला तोड नाही. त्याच संस्कारामुळे प्रवासात एखादा प्राणी दिसला की आपला हात प्रथम डब्याकडे जातो. माकडांना बिस्किटे, हरिणांना पोळी, तळ्यावरच्या कुरव पक्ष्यांना मूठमूठ गाठिया. भावना शुद्ध आहे. परिणाम मात्र शुद्ध नाही. तळलेले, खारवलेले अन्न पाखराच्या पोटाला मानवत नाही. माणसाच्या हातचे खाण्यास सोकावलेले माकड उद्या दुसऱ्या कोणाच्या मुलाला चावते आणि मग पिंजऱ्यात जाते. आयते मिळू लागले की प्राणी भय विसरतो. आणि रानात भय हेच त्याचे चिलखत असते.

आजारी गाय, पंख तुटलेले कबुतर, वृद्ध बैल यांना आपल्या हातची सेवा हवी असते. रानातील निरोगी प्राण्याला आपल्याकडून हवी असते एकच वस्तू: अंतर. त्याने खाताना मान वर करून आपल्याकडे पाहिले, तर आपण फार जवळ आलो असे समजावे आणि दोन पावले मागे सरावे. मोटारीचा भोंगा, मोठ्याने हाका, छायाचित्रासाठी केलेली धावपळ, रात्री डोळ्यांवर टाकलेला प्रखर झोत, हे सर्व वर्ज्य करावे. उत्तरायणात आपल्याच गच्चीवरून उडणाऱ्या मांज्याचाही विचार करावा. कारण ज्या दिवसांत हिमालयापलीकडचे पाहुणे आपल्या आकाशात असतात, नेमक्या त्याच दिवसांत ते आकाश आपण धारदार दोऱ्यांनी विणून टाकतो.

श्री सुविधिनाथांचे लांछन मगर, श्री शांतिनाथांचे हरिण, श्री महावीरस्वामींचे सिंह. मंदिरात ज्या आकृतींपुढे आपण रोज नतमस्तक होतो, त्यांचे जिवंत वंशज विश्वामित्रीत, वेळावदरच्या माळावर आणि गीरच्या रानात आजही नांदत आहेत. आपल्या मुलांना दोन्ही ठिकाणी न्यावे. मंदिरात जशी पादत्राणे बाहेर काढून, आवाज खाली आणून, हात आवरून आपण प्रवेश करतो, तसेच तेथेही जावे.

सुट्टी थोडी असेल तर दूर जाण्याचेही कारण नाही. येत्या हिवाळ्यात एका रविवारी, पेढी बंद असताना, मुलांना घेऊन काळ्या घोड्याजवळच्या पुलावर यावे. बरोबर खाऊ आणू नये. घड्याळही पाहू नये. कठड्याशी अर्धा तास शांत उभे राहावे. खाली चिखलात पडलेला एखादा ओंडका हळूच डोळे उघडील. त्या क्षणी मुलाला काही समजावून सांगण्याची घाई करू नये. त्याला पाहू द्यावे.